बीड पॅटर्न : कल्पना गेली, कोष्टक उरले

2020च्या खरिपात बीड जिल्ह्यात पीकविमा उतरवायला एकही कंपनी पुढे येईना. पाऊस बेभरवशाचा, भरपाईचा बोजा जबर. अखेर सार्वजनिक क्षेत्रातील भारतीय कृषी विमा कंपनी एका आगळ्या अटीवर तयार झाली. भरपाई जमा हप्त्याच्या 110 टक्क्यांपलीकडे गेली, तर वरचा भार राज्याने सोसायचा. ती कमी निघाली, तर कंपनीने 20 टक्के ठेवून बाकीची रक्कम शासनाला परत करायची. हाच तो ‘बीड पॅटर्न’. बाजाराने वाऱ्यावर सोडलेल्या शेतकऱ्याला छत्र मिळावे, हा त्याचा मूळ हेतू.

पुढे काय घडले? त्या हंगामात भरपाई थोडकीच गेली आणि हप्त्याचा मोठा भाग परत आला. (तो आला शासनाच्या तिजोरीत, शेतकऱ्याकडे नव्हे, हे जाता जाता नमूद करायला हवे.) ‘किती पैसे वाचले’ हीच मग प्रयोगाची ओळख ठरली आणि त्या कौतुकाच्या बळावर तो राज्यभर लागू झाला. नुकसान नीट मोजले गेले काय, हा प्रश्न मागे पडला.

वास्तविक मोजमापाचा हा विचार मराठी मातीतलाच. अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी 1976मध्ये पीकविम्याची मांडणी केली, तेव्हा त्यांचा सारा भर एकजिनसी परिसरावर होता. प्रत्येक शेत तपासणे अशक्य. पण परिसराची जमीन आणि हवामान खरोखर सारखे असेल, तर मोजक्या पीककापणी प्रयोगांवरून साऱ्यांचे नुकसान कळते. 1979मध्ये प्रायोगिक योजना आली, 1985मध्ये व्यापक योजना आली आणि परिसराची जागा हळूहळू सरकारी हद्दीने घेतली. आपल्याकडे घटक ठरला महसूल मंडळ. दप्तराला ते सोयीचे. पण ढग काही मंडळाची हद्द पाहून बरसत नाहीत. बालाघाटाच्या उतारावरचे मुरमाड रान आणि सिंदफणेकाठची काळी जमीन एका सरासरीत बसवली, की पाण्याखाली गेलेल्या रानाचा मालक कागदावर सुखरूप ठरतो!

2023मध्ये एक रुपयात विमा आला. अर्जांचा पूर लोटला, बोगस अर्जही निघाले आणि 2025च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली. तिच्यासोबत स्थानिक आपत्तीची स्वतंत्र भरपाईही गेली. राहिला तो पीककापणीचा आकडा. त्याच वर्षी सप्टेंबरात बीडसह मराठवाड्यात अतिवृष्टी झाली. सोयाबीन शेतातच कुजलेल्या शेतकऱ्याला वाट पाहावी लागली ती मंडळाच्या सरासरीची.