वल्हे हाती आले म्हणजे

वऱ्हाडातील मुलांपुढे नौकाविहाराची गोष्ट काढली, तर त्यांना थोडे हसू येण्याचाच संभव अधिक. आपल्या या मुलखात काळीभोर जमीन आहे, कपाशी आहे, तूर आहे, अंगाची लाही करणारा उन्हाळा आहे. पण समुद्र मात्र येथून शेकडो किलोमीटर दूर राहिला. वैशाखात जेथे पिण्याचे पाणी जपून वापरावे लागते, तेथे नाव कसली आणि वल्हे कसले, असे कोणी म्हणाले, तर त्याला दोष देता येणार नाही. तरीही माझे मत असे आहे की, नावेचे वेड लागण्यासाठी समुद्रकाठी जन्म घ्यावा लागत नाही. हे वेड लागते ते वल्हे हाती आले म्हणजे.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. माझे आजोळ पूर्णेच्या काठी होते. उन्हाळ्यात पूर्णा इतकी रोडावे की, आम्ही मुले पायघोळ्यापर्यंतही पाणी न लागता पलीकडे जात असू. पावसाळ्यात मात्र ती दुथडी भरून वाहू लागे, आणि पैलतीरावरील शेतावर जायचे तर डोंग्यावाचून दुसरा मार्ग नसे. त्या डोंग्यात मी किती तरी वेळा बसलो असेन. धान्याच्या पोत्याशेजारी एखादे पोते ठेवावे, तसा मी बसत असे, आणि पलीकडचा काठ केव्हा येतो याची वाट पाहत असे. तेव्हा मला नावेविषयी कसलेही प्रेम वाटत नव्हते. उलट ती डुलू लागली, की मी आजोबांचा हात घट्ट धरत असे.

एके वर्षी पोळा होऊन गेला होता. पूर ओसरला होता आणि नदी संथ झाली होती. डोंग्यात आम्ही दोघे-तिघेच होतो. माझी नजर वल्ह्याकडे लागलेली पाहून म्हातारा नावाडी म्हणाला, “धर बापू.” मी मोठ्या आवेशाने वल्हे धरले आणि सारे बळ एकवटून पाण्यावर मारले. पाणी माझ्याच तोंडावर उडाले. डोंगा पुढे सरकण्याऐवजी गर्रकन फिरला. मी खजील झालो. पण नावाडी रागावला नाही. तो म्हणाला, “पान्याशी भांडू नोको. त्याले मांगं लोट, मंग थे तुले पुढं नेते.”

मी पुन्हा प्रयत्न केला. वल्ह्याचे पाते पाण्यात सावकाश बुडवले आणि मागे लोटले. डोंगा पुढे सरकला! तो फार तर दोन हात सरकला असेल. पण तो माझ्यामुळे सरकला होता. त्या दिवशी पैलतीर फार लवकर आला, असे मला वाटले. आज इतकी वर्षे लोटली, तरी कोठेही नाव दिसली, की माझे तळहात त्या वल्ह्यासाठी शिवशिवतात.

त्या क्षणी असे काय घडले? तुम्ही सायकलच्या मागच्या कॅरिअरवर बसून पुष्कळ फिरला असाल. त्यामुळे कोणी सायकलवेडा होत नाही. ज्या दिवशी मूठ आपल्या हाती येते, तोल आपल्याला सांभाळावा लागतो आणि मागून धरणाऱ्याने हात केव्हा सोडला हे कळतही नाही, त्या दिवसापासून सायकल आपली होते. नावेचेही तसेच आहे. वल्हे हाती घेतले, की पाणी आपल्याशी बोलू लागते. डावीकडे वल्हे मारले, तर नावेचे तोंड उजवीकडे वळते. पाते फार खोल गेले, तर हात भरून येतात. फार वरवर फिरवले, तर नुसते तुषार उडतात. आपण पाण्याला मागे ढकलतो, म्हणून पाणी आपल्याला पुढे ढकलते. न्यूटनचा हा नियम शाळेत फळ्यावर लिहून दिला जातो. नावाड्याच्या तळहातांना तो शाळेत न जाताही ठाऊक असतो. आपल्या प्रत्येक हालचालीला पाणी तत्काळ उत्तर देते, आणि चुकीचे उत्तर दिल्याची खूणही लगेच पटवते. असा शिक्षक एकदा भेटला, की त्याच्याकडे पुनःपुन्हा जावेसे वाटते.

माझा अनुभव लहानसा आहे, म्हणून एक मोठे उदाहरण सांगतो. नाशिक जिल्ह्यातील चांदवड तालुक्यात तळेगाव रोही नावाचे गाव आहे. हा भाग अवर्षणाचा. तेथे 1991 साली जन्मलेले दत्तू भोकनळ लहान वयातच वडिलांबरोबर विहिरी खोदण्याच्या कामावर जात. म्हणजे या मुलाची पाण्याशी ओळख झाली, ती पाणी शोधताना! 2012 साली ते सैन्यात भरती झाले. त्यांची भरपूर उंची पाहून त्यांना नौकानयनाकडे वळवण्यात आले. आरंभी त्यांना पाण्याची भीती वाटत असे. पण वल्हे हाती आले आणि अवघ्या 4 वर्षांत, 2016 साली, ते ब्राझीलमधील रिओ येथील ऑलिंपिक स्पर्धेत एकेरी नौकानयनात भारताच्या वतीने उतरले. त्या स्पर्धेत त्यांनी 13 वा क्रमांक मिळवला. 2018 च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या नौकेत बसून त्यांनी भारताला सुवर्णपदक मिळवून दिले. तळेगावात समुद्र नव्हता, मोठा तलावही नव्हता. पाण्याचे प्रेम त्यांना वारशाने मिळाले नाही. ते वल्ह्यातून मिळाले.

समुद्रावरही हीच गोष्ट दिसते. नौदलातील अधिकारी दिलीप दोंदे यांनी 2009–2010 मध्ये शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. हा पराक्रम करणारे ते पहिले भारतीय. त्यांची 56 फुटी ‘म्हादेई’ ही नौका गोव्यातील दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात बांधली गेली. पुढे 2017–2018 मध्ये नौदलातील 6 महिला अधिकाऱ्यांनी ‘तारिणी’ या नौकेतून जगाची फेरी पूर्ण केली. त्यांच्या कप्तान वर्तिका जोशी उत्तराखंडच्या. त्या राज्याला पर्वत आहेत, समुद्रकिनारा नाही. तेव्हा नाव ही केवळ किनाऱ्यावरच्या माणसांची नव्हे आणि केवळ मुलग्यांचीही नव्हे, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या वऱ्हाडाकडे पुन्हा पाहू या. आपण समजतो तितका आपला मुलूख पाण्याला पारखा नाही. पूर्णा पश्चिमेकडे वाहत जाऊन तापीला मिळते आणि तिचे पाणी अरबी समुद्रात पोचते. अमरावती जिल्ह्याच्या पूर्व सीमेवरून वाहणारी वर्धा पुढे प्राणहितेतून गोदावरीला मिळते आणि तिचे पाणी बंगालच्या उपसागरात जाते. अमरावती जिल्ह्यात पडणाऱ्या पावसाच्या वाट्याला असे दोन समुद्र येतात! मोर्शी तालुक्यात सिंभोरा येथे ऊर्ध्व वर्धा धरणाचा विस्तीर्ण जलाशय आहे. अकोल्याला पाणी पुरवणारे काटेपूर्णेचे धरण महान येथे आहे. अमरावतीला वडाळी तलाव आहे, छत्री तलाव आहे. चिखलदऱ्याच्या शक्कर तलावात तुमच्यापैकी काही जण सहलीच्या वेळी नावेत बसलेही असतील. पण बसले, म्हणजे पोत्यासारखेच ना? वल्हे किती जणांच्या हाती आले?

येथे घरातील वडीलधारी माणसे मला अडवतील. “मुलांना पाण्यापासून दूर ठेवावे, हेच बरे,” असे त्या म्हणतील. त्यांचे म्हणणे हसण्यावारी नेता येत नाही. 14 सप्टेंबर 2021 रोजी अमरावती जिल्ह्याच्या वरूड तालुक्यात वर्धा नदीत नाव उलटली आणि 11 माणसांना जलसमाधी मिळाली. त्या घरांतील दुःख आठवले, की नावेचे गोडवे गाणारी लेखणी क्षणभर थांबते.

परंतु त्या दुःखातून कोणता धडा घ्यावा? पाण्याचे नावच काढू नये, हा धडा मला पुरेसा वाटत नाही. नदी आपल्या गावावरून वाहणारच आहे. कधी ना कधी तिच्याशी गाठ पडणारच आहे. जो पाण्याला नुसता भितो, तो प्रसंग येताच गोंधळतो. जो पाण्याला मुळीच भीत नाही, तो पाण्यात नको ते धाडस करतो. या दोघांहून सुरक्षित असतो तो पाण्याशी ओळख असलेला माणूस. पूर चढत असताना डोंगा पाण्यात घालायचा नाही, ही गोष्ट माझ्या आजोळच्या नावाड्याला कोणी शिकवावी लागत नव्हती. काठावर कितीही माणसे खोळंबली, तरी तो डोंग्यात ठरल्यापेक्षा एकही माणूस अधिक घेत नसे. त्याचे पाण्यावर प्रेम होते, म्हणूनच त्याला पाण्याचा धाक होता.

म्हणून आधी पोहायला शिकावे. अमरावतीच्या श्रीहनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने 1914 सालापासून या भागात व्यायामाची आवड रुजवली आहे. मल्लखांब आणि कुस्ती यांना आपल्याकडे जो मान मिळाला, तोच पोहण्याला आणि वल्हवण्यालाही मिळावा, असे मला वाटते. जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली, अंगात लाइफ जॅकेट घालून, संथ पाण्यात, वर्षातून एक दिवस जरी प्रत्येक मुलामुलीच्या हाती वल्हे दिले, तरी पुष्कळ काम होईल. सगळी मुले काही नौकानयनपटू होणार नाहीत, आणि व्हायलाही नकोत. पण शंभरांतील एखाद्याला आपली आवड सापडेल, आणि उरलेल्या नव्व्याण्णवांना पाण्याशी कसे वागावे हे कळेल. या दोन्ही गोष्टी मोलाच्या आहेत.

कोणती आवड आपल्याला आयुष्यभर पुरेल, हे आधी कोणालाच सांगता येत नाही. विहिरीच्या तळाशी दगड फोडणाऱ्या मुलाला आपण एके दिवशी ऑलिंपिकमध्ये नाव चालवू, असे स्वप्नातही वाटले नसेल. तेव्हा, मुलांनो, पुढच्या वेळी नावेत बसाल, तेव्हा पलीकडचा काठ केव्हा येतो एवढेच पाहू नका. नावाड्याचे हात कसे चालतात ते पाहा. पाते पाण्यात कसे शिरते आणि कसे बाहेर येते, तेही पाहा. पाणी संथ असेल, वडील माणसे जवळ असतील आणि नावाड्याची संमती असेल, तर त्याला नम्रपणे विचारा, “काका, थोडा वेळ वल्हे मी धरू का?”

पहिल्या फटक्याला पाणी तुमच्या तोंडावर उडेल. त्याने खजील होऊ नका. दुसऱ्या फटक्याला नाव पुढे सरकेल.