विश्लेषण : न्यूयॉर्कचा ‘तात्पुरता’ तरंगता तुरुंग ३१ वर्षे कसा टिकला?

न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात, हंट्स पॉइंटच्या धक्क्याला एक पाच मजली अवाढव्य बार्ज बांधून ठेवलेला होता. त्याला ना इंजिन, ना शीड. आत होते कैदी. ‘व्हर्नन सी. बेन सुधारगृह’ असे अधिकृत नाव असलेला हा तुरुंग २०२३ च्या अखेरीस रिकामा करण्यात आला. वापरात असलेले जगातील सर्वांत मोठे तुरुंगजहाज म्हणून गिनेस बुकात त्याची नोंद झाली होती. मात्र तो आणला गेला तो निव्वळ वेळ मारून नेण्यासाठी.

तुरुंग पाण्यावर का न्यावा लागला?

ऐंशीच्या दशकात क्रॅक कोकेनच्या लाटेमुळे न्यूयॉर्कमध्ये अटकांचे प्रमाण प्रचंड वाढले. रायकर्स बेटावरील तुरुंग तुडुंब भरले. नवा तुरुंग बांधायचा तर जागा हवी, आणि आपल्या वस्तीत तुरुंग कोणालाच नको असतो. पाण्यावर हा प्रश्न येत नाही. शहराने आधी जुन्या फेरीबोटी वापरल्या. मग फॉकलंड युद्धानंतर ब्रिटिश सैनिकांच्या निवासासाठी वापरलेले दोन बार्ज आणले. तेही अपुरे पडले, तेव्हा लुइझियानातील गोदीत खास तुरुंग म्हणूनच नवा बार्ज बांधून घेतला. खर्च सुमारे १६ कोटी १० लाख डॉलर. १९९२ मध्ये तो सुरू झाला. अपघातात मृत्यू पावलेल्या एका तुरुंग अधीक्षकाचे नाव त्याला देण्यात आले.

आतील रचना कशी होती?

लांबी ६२५ फूट, रुंदी १२५ फूट, क्षमता सुमारे ८०० कैद्यांची. बहुतेक जण सामायिक बराकींमध्ये राहत. कडक बंदोबस्तातील कैद्यांसाठी १०० स्वतंत्र कोठड्या. आत बास्केटबॉलचे मैदान, व्यायामशाळा, दवाखाना, प्रार्थनास्थळे, कायद्याच्या पुस्तकांसह ग्रंथालय. मोकळी हवा हवी असेल तर छतावरचे आवार. कागदावर हे सारे एखाद्या बऱ्या वसतिगृहासारखे वाटते.

आणखी एक गंमत. बार्ज जागचा हलत नसला तरी तटरक्षक दलाच्या लेखी ते जहाजच. त्यामुळे तुरुंगरक्षकांबरोबर खलाशीही नेमावे लागत. हा तुरुंग आहे, बोट नव्हे, हे पटवण्याचा तुरुंग प्रशासनाने अनेक वर्षे प्रयत्न केला आणि शेवटी नाद सोडला.

मग आक्षेप कशाला?

येथील बहुसंख्य कैदी शिक्षा झालेले नव्हते. खटला सुरू व्हायची वाट पाहणारे, आपल्याकडे ज्यांना ‘कच्चे कैदी’ म्हणतात ते. त्यांना भेटायला येणाऱ्या नातलगांना घाऊक बाजार, गोदामे आणि ट्रकच्या वर्दळीतून या टोकापर्यंत यावे लागे. मध्यंतरी अल्पवयीन मुलांनाही येथे ठेवण्यात आले होते. २०२१ मध्ये एक कैदी खिडकीतून निसटला. २०२२ मध्ये दुसऱ्याने छतावरच्या आवारातून नदीत उडी घेतली. तो वाचला नाही. त्याच्यावरचा खटला तेव्हा चाललेलाही नव्हता. दक्षिण ब्रॉन्क्स हा शहरातील सर्वांत गरीब भागांपैकी एक. नदीकाठ आम्हाला परत द्या, अशी तेथील रहिवाशांची मागणी जुनी होती.

याआधी असे घडले होते का?

याच शहरात घडले होते. अमेरिकी स्वातंत्र्ययुद्धात ब्रिटिशांनी ब्रुकलिनलगतच्या वॉलबाउट उपसागरात जुन्या जहाजांवर युद्धकैदी कोंडले. ‘जर्सी’ हे त्यातले सर्वांत कुप्रसिद्ध. उपासमार आणि रोगराईने सुमारे साडेअकरा हजार बळी गेल्याचा अंदाज सांगितला जातो. त्यांचे स्मारक ब्रुकलिनच्या फोर्ट ग्रीन उद्यानात आहे.

त्याच युद्धामुळे ब्रिटनला आपले गुन्हेगार अमेरिकी वसाहतींत धाडणे अशक्य झाले. १७७६ मध्ये संसदेने त्यांना थेम्स नदीतील मोडक्या जहाजांवर ठेवण्याचा कायदा केला, तोही फक्त दोन वर्षांसाठी. ती पद्धत १८५७ पर्यंत चालली! एकदा पाण्यावर सोय झाली की जमिनीवरचा प्रश्न सोडवण्याची घाई कोणालाच राहत नाही.

ब्रिटनने तरी धडा घेतला का?

न्यूयॉर्कने वापरून झालेल्या त्या दोन बार्जपैकी एक ब्रिटननेच १९९७ मध्ये पोर्टलंड बंदरात तुरुंग म्हणून आणला. अधिकाऱ्यांच्या तपासणीत ताशेरे ओढले गेल्यावर तो २००५ मध्ये बंद झाला. त्याच बंदरात २०२३ मध्ये ‘बिबी स्टॉकहोम’ हा बार्ज आला. तो तुरुंग नव्हता. २२२ खोल्यांत सुमारे ५०० आश्रयार्थी पुरुषांना ठेवायचे होते. पहिली तुकडी चढल्यावर काही दिवसांतच पाण्यात लिजिओनेला जिवाणू सापडले आणि सर्वांना उतरवावे लागले. पुढे डिसेंबरमध्ये एका आश्रयार्थीचा तेथे मृत्यू झाला. २०२४ च्या अखेरीस तो रिकामा झाला.

बेन बार्जवरील कैदी कोठे गेले?

रायकर्स बेटावर. म्हणजे ज्या बेटावरची गर्दी कमी करण्यासाठी बार्ज आणला, तेथेच. ते बेटही कायद्यानुसार ऑगस्ट २०२७ पर्यंत बंद करायचे ठरले आहे. त्याऐवजी बांधायच्या चार तुरुंगांची कामे मात्र शहराच्याच वेळापत्रकानुसार त्या मुदतीच्या पुढे जाणार आहेत.