बियाण्याच्या बॅगेवर एक ओळ कमी आहे

मृगाच्या तोंडावर औशाच्या बाजारात शेतकरी दुकानदाराला दोनच गोष्टी विचारतो. यंदा कोणतं वाण चाललंय आणि बॅग कितीला? याच पिकाचं घरचं बी पुढच्या वर्षी चालेल का, हे तो विचारत नाही. विचारणार तरी कुणाला? समोरच्याचा धंदाच बॅगा विकायचा. माझं म्हणणं एवढंच, की हे उत्तर प्रत्येक बॅगेवर ठळक छापलेलं असावं. ते उत्तर कंपनीच्या मर्जीवर नसतं. त्या पिकाचं फूल कसं आहे आणि त्यावर पराग कुठून येतो, यावर ते ठरतं.

माझं माहेर नांदेड जिल्ह्यात, कंधारकडं. तिकडं पऱ्हाटी. सासर इकडं लातूर जिल्ह्यात, सोयाबीन आणि तुरीचं. आमच्याकडं बी राखणं हे बायकांचं काम, पण कोणतं पेरायचं हे बाजारात पुरुषांनी ठरवायचं, अशी वाटणी पूर्वीपासूनची. त्यामुळं बियाण्यावरचे लेख, मेळावे, चर्चासत्रं सगळी पुरुषांपुढं होतात आणि बी चाळून, राख लावून ठेवणारी घरात असते.

सोयाबीनपासून सुरुवात करते, कारण तिथं सगळ्यात जास्त पैसा विनाकारण जातो. सोयाबीनचं फूल इतकं बारीक, की धुऱ्यावरून जाणाऱ्याला दिसतही नाही. पाकळ्या उघडायच्या आधीच आतल्या आत पराग पडलेला असतो. मधमाशी पोचेपर्यंत लग्न उरकलेलं असतं. शेजारच्या रानातला पराग इथं शंभरातल्या एखाद्या फुलालाही क्वचितच लागतो. म्हणून एमएयूएस १६२ पेरलं तर रास केल्यावर पोत्यात एमएयूएस १६२च येतं. कृषी खातंही सांगतं, की एकदा प्रमाणित बियाणं आणलं की त्याचंच बी पुढची दोन वर्षं वापरा. तरी दर जूनला बॅगांसाठी रांगा लागतात. वर हवं ते वाण पाहिजे तर सोबत नको असलेलं खत किंवा औषध घ्या, असं ‘लिंकिंग’ही खपवून घेतलं जातं.

सोयाबीनची खरी अडचण परागात नाही, टरफलात आहे. टरफल पातळ आणि कोंब त्याच्या अगदी खाली. मळणी यंत्राचे फेरे जास्त झाले, पोतं ट्रॅक्टरवरून आपटलं, पोत्यांची थप्पी उंच लागली, की दाणा वरून चांगला दिसतो पण आतला कोंब मेलेला असतो. बियाण्याची रास करायची तर यंत्राचे फेरे कमी ठेवावेत, हे यंत्रवाल्याला आधीच सांगून ठेवावं लागतं. त्याला घाई असते, कारण पुढच्या रानात त्याची वाट बघत असतात. २०१९ च्या ऑक्टोबरात परतीचा पाऊस आला आणि मराठवाड्यात काढलेल्या सोयाबीनच्या बनमी भिजल्या. पुढच्या जूनमध्ये, २०२० ला, बी मातीतच कुजलं. बॅगेतलंही उगवलं नाही, घरचंही उगवलं नाही. तक्रारींचे ढीग लागले, पंचनामे झाले, दुबार पेरण्या झाल्या. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. बॅगेवरचा टॅग निळा असो नाहीतर हिरवा, भिजलेल्या दाण्याला तो काही कोंब फोडत नाही, एवढं त्या वर्षी सगळ्यांना कळलं.

आणि तपासणीला खर्च काय? गोणपाटाचा तुकडा ओला करायचा, त्यावर शंभर दाणे दहा-दहाच्या ओळीत मांडायचे, गुंडाळून सावलीत ठेवायचं, वरचेवर पाणी शिंपडायचं. आठवड्याच्या आत मोजायचं. सत्तर उगवले तर एकरी ३० किलो बी पुरतं. सत्तरच्या खाली एकेक दाण्याला एकरी अर्धा किलो वाढवायचं, म्हणजे साठ उगवले तर ३५ किलो. साठच्याही खाली गेलं तर ते बी गिरणीला घाला, रानात नको. यात मोजताना निवडून जाडजाड दाणे घ्यायचे नाहीत. पोत्यात वरून, मधून, खालून मूठ घालायची. बऱ्याच घरांत ही लबाडी आपण आपल्याशीच करतो.

तुरीचं मात्र तसं नाही. तुरीचं फूल पिवळंधमक, उघडं, आणि नोव्हेंबरात रानात गेलं तर नुसता माशांचा घुमघुमाट. एका रानातून दुसऱ्या रानात पराग सहज जातो. आमच्या शिवारात एकाची बीडीएन ७११, पांढरी. धुऱ्यापलीकडं बीएसएमआर ७३६, तांबडी. पांढरीवर तांबडीचा पराग बसला तरी त्या वर्षी दाणे पांढरेच निघतात, कारण दाण्याचं टरफल आईचं असतं. भेसळ दिसते ती पुढच्या वर्षी, ते दाणे पेरल्यावर, शेंगा फोडल्यावर. मग शेतकरी म्हणतो बी बिघडलं आणि लातूरच्या अडतीवर मिसळ तुरीचा भाव पाडून घेतो. नुसता रंग गेला असता तर चाललं असतं. पण वांझ रोगाला आणि मर रोगाला तोंड देण्याची जी ताकद बदनापूर संशोधन केंद्रातल्या लोकांनी वर्षानुवर्षं निवड करून या वाणांत आणली, तीही याच वाटेनं पातळ होते.

प्रमाणित बियाण्याच्या तुरीला दुसऱ्या तुरीपासून १०० मीटर अंतर लागतं. आमच्याकडं वाटण्या होऊन होऊन पट्टे राहिलेत. शंभर मीटरवर तिसऱ्याचं रान येतं. म्हणून तुरीचं बी घरी राखायचं तर धुऱ्याकडच्या ओळी सोडून रानाच्या मधलं राखावं, झाडं फुलोऱ्यातच हेरून त्यांना चिंधी बांधावी आणि दोन-तीन वर्षांनी मूळ बियाणं बदलावं. गावानं मिळून एकच वाण पेरायचं ठरवलं तर याहून चांगलं, पण आमच्याकडं दोन भाऊ एका वाणावर येत नाहीत, तिथं गाव कुठून येणार.

आता कापूस. माहेरी जी पऱ्हाटी होती ती नांदेड ४४ची. नांदेडच्या कापूस संशोधन केंद्राचा हा संकरित वाण ऐंशीच्या दशकात आला आणि महाराष्ट्राबाहेरही पसरला. संकरित बी तयार कसं होतं, हे कापूस पिकवणाऱ्या बहुतेकांनी पाहिलेलं नसतं. मादी ओळीतली उद्या उमलणारी कळी संध्याकाळी हेरायची, नखानं तिचे पुंकेसर काढून टाकायचे, कळी झाकायची. सकाळी नर ओळीतलं ताजं फूल आणून त्याचा पराग तिच्यावर फिरवायचा. हे दुपारच्या आत व्हायला हवं, कारण कापसाचा पराग त्या एका दिवसाचाच. दुसऱ्या दिवशी फूल गुलाबी पडतं आणि काम संपतं. मध्येच पाऊस आला तर पाणी लागून पराग फुटतो. उन्हाचा ताव फार झाला तरी तो नापीक होतो. एकेका बोंडामागं कुणातरी बाईची नाहीतर पोरीची अशी संध्याकाळ आणि सकाळ गेलेली असते. तेलंगण, गुजरात, कर्नाटकातल्या बीजोत्पादनाच्या रानांत हे काम लहान मुलींकडून करून घेतल्याबद्दल पुष्कळ लिहून आलंय. बॅगेवर त्याची ओळ नसतेच.

या बॅगेची सरकी पेरून आलेला कापूस चांगला. त्या कापसाची सरकी पुन्हा पेरली की मात्र सगळं विखुरतं. एक झाड उंच, एक बुटकं, एकाची बोंडं मोठी, एकाची किडकी. म्हणून दरवर्षी बॅग. २०२५ ला बीजी-२ या बीटी कापसाच्या बॅगेची सरकारनं ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. वर त्या बॅगेतल्या जनुकाला गुलाबी बोंडअळी आता जुमानत नाही, हे २०१७ साली महाराष्ट्रानं भोगलं.

पुन्हा पेरता येईल असा बीटी कापूस सरकारी संशोधकांनी आणला नव्हता असं नाही. नागपूरच्या केंद्रीय संस्थेनं बिकानेरी नरमा हा सरळ वाण बीटी करून आणला, नांदेड ४४ चंही बीटी केलं. २००९ च्या शेवटी ते थांबवावं लागलं, कारण त्यात एका खासगी कंपनीचंच जनुक सापडलं. सोपोरी समितीनं २०१२ ला त्याचा पंचनामा केला. तो धक्का सरळ वाणांना फार महाग पडला. आता नांदेडच्याच केंद्रानं एनएच १९०१, १९०२ आणि १९०४ हे सरळ बीटी वाण दिलेत. सरळ वाण म्हणजे पुढच्या वर्षी सरकी घरची.

पण इथंही फूल मध्ये येतंच. कापसाचं फूल उघडं, माशा येतात, आणि चारी बाजूंनी संकरित पऱ्हाटी. शिवाय शेतकऱ्याच्या हातात सरकी उरते कुठं? कापूस जिनिंगवर जातो तो सरकीसकट. सगळ्यांचा कापूस एकाच ढिगात. घरच्या सरकीसाठी मधल्या ओळींचा कापूस वेगळा वेचून वेगळा रेचून घ्यावा लागेल आणि त्यासाठी गावपातळीवर लहान रेचा लागेल. केंद्रानं वाण दिला, पण रेच्याचं कुणी बोलत नाही. तो नसेल तर सरळ वाणाचीही बॅग दरवर्षीच विकत घ्यावी लागेल आणि ‘सरळ’ हे फक्त कागदावर राहील.

संकरित वाईट, असं मी म्हणत नाही. आमच्या घरात हायब्रीड ज्वारीनं दुष्काळात पोटं भरली. तिच्या बीजोत्पादनात तर मुद्दाम अशी मादी ओळ लावतात, जिचा पराग निकामीच असतो. ते शास्त्र मोठं आहे. शेतकऱ्याला ते न सांगता त्याला फक्त गिऱ्हाईक करून ठेवणं, यावर माझा आक्षेप आहे. २००१ च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्यानं बी राखायचा, पेरायचा, देवाणघेवाण करायचा, ब्रँड न लावता विकायचाही हक्क आपल्याला दिलाय. हक्क आहे, पण तो कोणत्या पिकात वापरायचा हे सांगणारी ओळ कुठंच नाही.

बॅगेवर उगवण टक्केवारी छापतात, शुद्धता छापतात, तपासणीची तारीख छापतात. त्याखाली केंद्र सरकारनं आणखी एक ओळ सक्तीची करावी: ‘या पिकाचं बी पुढच्या हंगामात घरचं वापरता येईल’, किंवा ‘येणार नाही’, किंवा तुरीसारख्या पिकाला ‘अंतर ठेवून येईल’. नियम बदलायला वेळ लागेल, तोवर कृषी आयुक्तालयानं हाच मजकूर प्रत्येक कृषी सेवा केंद्राच्या दारात पाटीवर लावायला लावावा, दुकानदाराला आवडो न आवडो.