घरच्या गाडीला नंबर द्या

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे हे यशवंतराव चव्हाण यांचे जन्मगाव. याच गावातील एका कारागिराने २०२१ मध्ये भंगारातून सुटे भाग जमवून जुन्या जीपच्या थाटाची एक छोटी चारचाकी उभी केली. खर्च सुमारे ६० हजार रुपये. दुचाकीसारखी किक मारली की ती सुरू होई. तिची चित्रफीत देशभर फिरली आणि त्या डिसेंबरात उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी जाहीर देकार दिला. ही गाडी नियमांत बसत नाही, आज ना उद्या अधिकारी ती अडवतील, तेव्हा ती आम्हाला द्या आणि बदल्यात बोलेरो घ्या, असा त्याचा आशय होता. जानेवारी २०२२ मध्ये तो व्यवहार पार पडला. महिंद्रांनी दाखवलेली कदर मोलाची आहे आणि कारागिराच्या दारात नवी गाडी आली, याचा आनंद कुणालाही व्हावा. पण या गोड शेवटाच्या गोष्टीत सरकार कुठेच नाही. स्वतःच्या हाताने घडवलेली गाडी सुरक्षित आहे का, हे तपासून घ्यायचे म्हटले तर ती कुठे न्यायची, याला आपल्या कायद्यात उत्तर नाही. ते असले पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

या भागाला असे वेड नवे नाही. इचलकरंजीच्या शंकरराव कुलकर्णी यांनी १९४९ मध्ये दोन माणसांची छोटी मोटार स्वतः तयार केली. पुढची वीस-पंचवीस वर्षे ते तिच्यात सुधारणा करत राहिले. ‘मीरा’ या नावाची ती गाडी सामान्य माणसाला १२ हजार रुपयांच्या आसपास मिळावी, हे त्यांचे स्वप्न होते. कारखाना उभा राहिला नाही, ही आपल्या औद्योगिक इतिहासातली खंत आहे. पण त्यांच्या गाडीला नोंदणी क्रमांक मिळाला होता आणि ती रस्त्यावर धावली. तेव्हा १९३९ चा मोटार वाहन कायदा लागू होता. आज शंकरराव असते, तर त्यांची पहिली गाडी घराच्या फाटकाबाहेर काढणेही बेकायदा ठरले असते.

कारण आजची व्यवस्था कारखानदारासाठी आखलेली आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील १२६ व्या नियमानुसार प्रत्येक वाहनाचा नमुना ठरवून दिलेल्या संस्थेत तपासून प्रमाणित व्हावा लागतो. एक नमुना मंजूर झाला की त्याच साच्यातल्या लाखो गाड्या बाहेर पडतात आणि तपासणीचा खर्च त्या लाखोंवर वाटला जातो. एकच गाडी बनवणाऱ्याला तोच खर्च एकट्याने सोसायचा असतो. शिवाय नोंदणीच्या अर्जासोबत उत्पादकाचे रस्तायोग्यतेचे प्रमाणपत्र आणि विक्रेत्याचे विक्री प्रमाणपत्र लागते. ज्याने गाडी विकतच घेतली नाही, तो विक्री प्रमाणपत्र आणणार कोठून? आरटीओतील निरीक्षक कितीही सहृदय असला, तरी ‘वाहन’ प्रणालीत त्याच्यासमोर मान्यताप्राप्त उत्पादकांच्या मॉडेलचीच यादी उघडते. त्यात घरच्या गाडीचे नाव येणार नाही.

मग एक चोरवाट उरते. जुन्या गाडीची चासी आणि आरसी बुक घ्यायचे, वरचा सांगाडा उतरवायचा आणि तिथे १९३० च्या काळातली वाटावी अशी पत्र्याची बॉडी चढवायची. कागदावर जुनीच गाडी धावत असते. सध्याच्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम याला मनाई करते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले की उत्पादकाने दिलेल्या मूळ स्वरूपापासून फारकत घेणारे बदल चालणार नाहीत. असे बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड होऊ शकतो. लग्नाच्या वरातीत, रिसॉर्टच्या दारात ‘विंटेज’ म्हणून मिरवणाऱ्या अनेक गाड्या या वाटेने आलेल्या असतात, हे गॅरेजवाल्यांना ठाऊक आहे आणि वाहतूक पोलिसांनाही.

जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम आणले. त्यात ‘व्हीए’ अक्षरांची क्रमांक मालिका, २० हजार रुपये शुल्क, दहा वर्षांची नोंदणी आणि राज्यस्तरीय समिती अशी चांगली रचना आहे. पण ती ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूपात जपलेल्या वाहनांसाठी आहे. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल केलेले वाहन त्यात बसत नाही आणि बसूही नये. जुन्या घाटाची नवी गाडी ही वेगळी वस्तू आहे. तिने खऱ्या विंटेज गाडीचा मान मागू नये. तिला वेगळी नोंद हवी.

सोय हवी म्हणजे सूट हवी, असे मात्र नाही. जुन्या घाटाच्या गाडीत धोका कुठे दडलेला असतो, ते जवळून पाहिले पाहिजे. त्या काळच्या रचनेत स्टेअरिंगचा दांडा सरळ चालकाच्या छातीवर रोखलेला असतो. आजच्या गाड्यांत तो टकरीच्या वेळी घडी होऊन मागे यायचा थांबतो. लोखंडी पाइपातून बनवलेल्या घरगुती दांड्याला अशी घडी पडत नाही. सुटे उभे हेडलॅम्प, मडगार्डच्या पत्र्याची उघडी कड आणि बॉनेटवरची धातूची मूर्ती फोटोत छान दिसतात. पादचाऱ्याला धडक बसली तर तीच त्याला चिरतात. दुचाकीचे ब्रेक तिच्या वजनासाठी बनलेले असतात. तेच चार माणसांच्या गाडीला लावले तर उतारावर ड्रम तापतो आणि पॅडल दाबूनही गाडी थांबत नाही. चाकाजवळच्या स्टेअरिंगच्या जोडावर केलेले वेल्डिंग वरून गुळगुळीत दिसते. आत ते धरले आहे की नुसते चिकटले आहे, हे डोळ्यांना कळत नाही. २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे गेली. अशा देशात कौतुकापोटी एकही कच्ची गाडी रस्त्यावर सोडता येणार नाही.

त्याहून गंभीर बाब विम्याची. नोंदणी नाही म्हणून विमा नाही. अशा गाडीने एखाद्या सायकलस्वाराला उडवले, तर भरपाई कागदोपत्री गाडीमालकावर बसते. साठ हजारांत गाडी बनवणारा माणूस ती भरणार कशी? म्हणजे मनाईचा जाच हौशी कारागिराला होतो आणि मनाई मोडली गेली की तिची किंमत रस्त्यावरचा तिऱ्हाईत मोजतो. दोघांचेही हित गाडी तपासून, नोंदवून, विमा उतरवण्यात आहे.

हे इतरत्र जमले आहे. ब्रिटनमध्ये घरी गाडी जोडण्याची परंपरा मोठी आहे. कॉलिन चॅपमन यांची १९५७ ची लोटस सेव्हन सुट्या भागांच्या संचात विकली जाई. पूर्ण गाडीवरचा खरेदी कर त्यामुळे वाचत असे आणि हौशी माणूस ती आपल्या गॅरेजात जोडत असे. अशा गाड्यांसाठी तिथे एकेका वाहनाची स्वतंत्र तपासणी होते; २००९ पासून तिचे आजचे रूप लागू आहे. सरकारी परीक्षक ब्रेक, दिवे, आरसे, धूर, आवाज, सीटबेल्टची पक्की जोडणी असे सगळे पाहतो. बाहेरची कड पादचाऱ्याला कापेल का, हे पाहायला तो १०० मिलिमीटर व्यासाचा गोळा बॉडीवरून फिरवतो. तो गोळा जिथे टेकेल तिथली कड ठरावीक मापाइतकी गोल हवी. गाडी खरोखर हौशी माणसाने बांधली आहे, हे दाखवायला बांधणीचे फोटो आणि खरेदीच्या पावत्या द्याव्या लागतात. ज्या गाडीचे वय वा मूळ पटवता येत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराची पाटी मिळते, म्हणजे घेणाऱ्याची फसवणूक होत नाही. अमेरिकेने २०१५ च्या कायद्यात जुन्या गाड्यांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या छोट्या उत्पादकांना वर्षाला ३२५ गाड्यांपर्यंत मुभा दिली. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्येही एकेकट्या गाडीच्या प्रमाणनाची व्यवस्था आहे.

आपल्याकडे हे होणार नाही, पैसे चारून प्रमाणपत्रे निघतील आणि चोरीच्या गाड्या ‘घरच्या’ म्हणून पास होतील, असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही. म्हणूनच हे काम तालुक्याच्या आरटीओ शिबिरात होता कामा नये. महाराष्ट्राचे भाग्य असे की १२६ व्या नियमात नाव असलेल्या संस्थांपैकी तीन इथेच आहेत: पुण्याची एआरएआय, भोसरीची सीआयआरटी आणि अहिल्यानगरची व्हीआरडीई. या संस्थांत वर्षातून दोनदा घरच्या गाड्यांसाठी तपासणीचे दिवस ठेवता येतील. अट अशी की काम सुरू करण्यापूर्वी बांधणाऱ्याने आराखडा दाखल करावा, इंजिन आणि गिअरबॉक्स कोणत्या गाडीतून आले त्याच्या पावत्या द्याव्यात आणि चासी उघडी असतानाच वेल्डिंगची तपासणी करून घ्यावी. एका माणसाला ठरावीक वर्षांत एकच गाडी. भाड्याने देण्यास, वरातीसाठी चालवण्यास बंदी. वेगाला मर्यादा, द्रुतगती मार्गावर मनाई, वेगळी क्रमांक मालिका आणि तृतीय पक्ष विमा सक्तीचा. धूर आणि आवाजाची मर्यादा नेहमीच्या गाडीइतकीच. त्यात कणभरही सवलत नको.

आपल्या कायद्याला एकेकट्या गाडीचा विचार मुळीच जमत नाही, असेही नाही. दिव्यांग व्यक्तीच्या गरजेनुसार वाहनात बदल करण्याची वाट त्याने मोकळी ठेवली आहे. जुन्या गाडीला सीएनजी किट बसवून आरसीवर नोंद करून घेण्याची पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. परदेशात प्रमाणित झालेल्या मर्यादित संख्येच्या आयात गाड्यांना तर इथल्या नमुना तपासणीतूनही सवलत आहे. महागड्या आयात गाडीसाठी नियम वाकू शकतो, तर सांगलीच्या कारागिराला निदान परीक्षेला बसण्याचा हक्क मिळायला काय हरकत आहे?

याचा लाभ एकट्या हौशी मंडळींना होणार नाही. ‘बाहा’सारख्या स्पर्धांसाठी राज्यातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांची मुले दरवर्षी अख्खी बग्गी स्वतः बांधतात, चासीचा भार मोजतात, सस्पेन्शन बसवतात आणि स्पर्धा संपली की ती गाडी वर्कशॉपच्या कोपऱ्यात जाते. आयटीआयचा वेल्डर, कोल्हापूरचा लेथवाला, पत्र्याला हातोडीने गोलाई देणारा डेंटर यांच्याकडचे कसब साच्यातल्या उत्पादनाच्या काळात झपाट्याने चालले आहे. आपले काम सरकारी परीक्षकापुढे मांडून त्यावर शिक्का मिळवणे, ही या हातांना मिळू शकणारी सर्वात मोठी मान्यता ठरेल.

मोटार वाहन नियम बदलण्याचा अधिकार केंद्राचा आहे. राज्याच्या परिवहन विभागाने या तिन्ही संस्थांना सोबत घेऊन नियमाचा मसुदा तयार करावा आणि तो केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाकडे पाठवावा. विधिमंडळाच्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने हा विषय लावून धरावा. नियम होईपर्यंत बांधणाऱ्यांनाही आमची कळकळीची विनंती आहे. गाडी जरूर बांधा, पण ती स्वतःच्या वावरात किंवा बंदिस्त मैदानातच चालवा, सार्वजनिक रस्त्यावर आणू नका. प्रत्येक सुट्या भागाची पावती जपा, बांधणीच्या प्रत्येक टप्प्याचे फोटो काढून ठेवा. उद्या परीक्षेची सोय झाली, तर पहिल्यांदा तीच कागदपत्रे मागितली जातील.