रात्रीचा मुक्काम कोणाच्या दारी?

मे महिन्याची सुट्टी तोंडावर आली की मुंबई-पुण्याच्या मध्यमवर्गीय घरांत एक नवाच विधी सुरू होतो. रात्रीची जेवणे आटोपली की सारी मंडळी मोबाईलच्या चार बोटे रुंद काचेभोवती कोंडाळे करून बसतात आणि दापोली, गुहागर, गणपतीपुळे, तारकर्ली येथील हॉटेलांची चित्रे सरकवू लागतात. कोणाला खिडकीतून समुद्र दिसायला हवा असतो, कोणाला वातानुकूलित खोली हवी असते, मुलांना पोहण्याचा तलाव हवा असतो आणि कुटुंबप्रमुखाची नजर कोपऱ्यातल्या भाड्याच्या आकड्यावर खिळलेली असते. पाचांपैकी तारे किती मिळाले आहेत ते पाहून अर्ध्या तासात निर्णय होतो, पैसे भरले जातात आणि मंडळी समाधानाने झोपी जातात. या अर्ध्या तासात आपण कोकण किनाऱ्याच्या भवितव्याविषयी एक मत देऊन बसलो, याची त्यांना कल्पनाही नसते. पाच वर्षांतून एकदा मतदानाला जाणारा आमचा सुशिक्षित नागरिक हे दुसरे मतदान वर्षातून दोनदा करतो, आणि तेही उमेदवाराची काहीएक चौकशी न करता!

आम्ही हे विनोदाने लिहीत नाही. कोकणाने शंभर-दीडशे वर्षे मुंबईला माणसे पुरविली. गिरण्यांतील साचे, गोदीतील हमाली, कचेऱ्यांतील कारकुनी या साऱ्यांना कोकणचे मनुष्यबळ लागले आणि त्याच्या बदल्यात कोकणाला मिळाली ती दरमहाची मनीऑर्डर. १९८२च्या संपानंतर गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद होत गेले, तेव्हा त्या मनीऑर्डरीवर चुली पेटविणाऱ्या गावांचे काय झाले असेल, ते ज्याचे त्याने आठवावे. पुढे १९९७ साली सिंधुदुर्ग हा पर्यटन जिल्हा म्हणून घोषित झाला. १९९८च्या जानेवारीत कोकण रेल्वे सलगपणे धावू लागली. शतकानुशतके माणसे बाहेर पाठविणाऱ्या भूमीकडे प्रथमच माणसे येऊ लागली, खिशात पैसे घेऊन येऊ लागली. कोकणी माणसाला घर न सोडता, घराच्याच जोरावर पोट भरता येईल अशी ही पहिली संधी होती. ती त्याच्या हाती राहते की बाहेरून आलेल्या भांडवलाच्या हाती जाते, एवढाच खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर मंत्रालयापेक्षा अधिक, त्या चार बोटे रुंद काचेवर ठरत आहे.

खोलीच्या चित्रात जे कधीच दिसत नाही, ते म्हणजे विहीर. वर्षाकाठी तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस ज्या रत्नागिरीत कोसळतो, त्याच जिल्ह्यातील वाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत पाण्याची ओरड होते. जांभ्या दगडाच्या चाळणीतून पाणी समुद्राकडे निघून जाते आणि विहिरींचे तळ दिसू लागतात. नेमक्या याच दिवसांत आमची सुट्टी पडते! किनाऱ्यालगतच्या वाळूखाली गोड्या पाण्याचा जो थर असतो, तो खाऱ्या पाण्यावर तरंगत असतो. पंप लावून तो बेताबाहेर उपसला की खालून खारे पाणी वर चढते, विहीर मचूळ होते आणि एकदा मचूळ झालेली विहीर दोन-चार पावसाळ्यांत सुधारेलच असा भरवसा नसतो. ती विहीर हॉटेलवाल्याची एकट्याची नसते. तिच्या पोटातले पाणी कुंपण ओळखत नाही. शेजारची पोफळीची वाडी, पलीकडचे शाळेचे टाके, कोळीवाड्यातील आड, सारे त्याच थरावर जगत असतात. समुद्र दाराशी गर्जत असताना ज्यांना त्याच्या पुढ्यात गोड्या पाण्याचा निळा तलाव लागतो, त्यांच्या रसिकतेला काय म्हणावे? आणि पाणी येते कोठून याहून गंभीर प्रश्न म्हणजे ते जाते कोठे. गेल्या हिवाळ्यात आम्ही स्वतः एका नव्या कोऱ्या हॉटेलात उतरलो असता व्यवस्थापकाला हा प्रश्न विचारला. त्याने हसून हाताने मागची बाजू दाखविली. मागे जाऊन पाहिले, तो एका ओढ्यात पांढरट फेस तरंगत होता आणि ओढा तीस पावलांवर समुद्राला मिळत होता. त्याच समुद्रात आम्ही सकाळी मोठ्या प्रसन्न चित्ताने स्नान केले होते.

यावर कोणी म्हणेल, कायदे आहेत ना! कायदे आहेतच. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना १९९१च्या फेब्रुवारीत निघाली आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून दोनशे मीटरपर्यंत नव्या बांधकामाला तिने अटकाव केला. २०११ साली ती नव्याने निघाली, २०१९ साली पुन्हा निघाली आणि या शेवटच्या खेपेस, जेथे लोकसंख्येची घनता दर चौरस किलोमीटरला २१६१ हून अधिक आहे अशा ग्रामीण भागांत, दोनशे मीटरांचे पन्नास मीटर झाले. समुद्र मात्र अधिसूचना वाचत नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा नारळी-पोफळीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या. वाळूचे उंचवटे, त्यांवर पसरलेली मर्यादवेल आणि मागचे केवड्याचे बन हा किनाऱ्याचा निसर्गदत्त तट होय. मर्यादवेलीला आमच्या पूर्वजांनी मर्यादा हे नाव उगाच दिले नाही. खिडकीतून समुद्र ‘अगदी समोर’ दिसावा म्हणून तो तट सपाट केलेल्या जागी जे हॉटेल उभे आहे, ते आपल्या पैशाने उभे आहे.

कायदा झोपतो आणि कधी जागा होतो याचे दोन मासले डोळ्यांसमोर आहेत. अलिबागजवळ किहीमच्या किनाऱ्यावर एका फरारी हिरेव्यापाऱ्याचा बंगला मार्च २०१९ मध्ये सुरुंग लावून उडविण्यात आला. केरळात मरडू येथे जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने चार टोलेजंग गृहसंकुले दोन दिवसांत जमीनदोस्त झाली. उरलेल्यांना आपली पाळी कधीच येणार नाही अशी खात्री वाटते, आणि खेदाने म्हणावे लागते की बहुतेकांच्या बाबतीत ती खरी ठरते.

शेजारच्या गोव्याकडे पाहिले तर आपला रस्ता पुढे कोठे जातो ते दिसते. मुक्तीनंतर पहिल्या दशकात कळंगुट-हणजुण्याला येणारा परदेशी पाहुणा गावकऱ्यांच्या घरातच खोली घेऊन राहत असे. १९७४ साली आग्वाद किल्ल्याच्या कुशीत पंचतारांकित हॉटेल उभे राहिले. मग खास विमाने आली, हॉटेलांमागून हॉटेले आली आणि १९८०च्या दशकाच्या अखेरीस ‘जागृत गोंयकारांची फौज’ या नावाने लोकांना रस्त्यावर उतरावे लागले. आज त्याच पट्ट्यात पाण्याचे टँकर फिरताना दिसतात. सिंधुदुर्गाला ‘दुसरा गोवा’ करू, असे भाषण ठोकणाऱ्या पुढाऱ्याला पहिल्या गोव्याची विहीर दाखवून आणली पाहिजे!

मग जायचे कोठे? याचे उत्तर मंडणगड तालुक्यातील वेळास या लहानशा गावाने देऊन ठेवले आहे. तेथे किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची कासवे अंडी घालावयास येतात. ती अंडी कोल्हे-कुत्र्यांच्या आणि माणसांच्याही पोटात जात असत. २००२ साली चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने गावकऱ्यांना हाताशी धरून अंडी जपण्याचे काम सुरू केले. वाळूतील अंडी कुंपणातील सुरक्षित जागेत नेऊन पुरायची आणि पन्नासएक दिवसांनी पिले बाहेर आली की त्यांना पाण्याच्या दिशेने सोडायचे, एवढाच काय तो उद्योग. पुढे कासव महोत्सव सुरू झाला आणि तो पाहावयास येणाऱ्या पाहुण्यांना उतरायला हॉटेल नव्हते, म्हणून लोकांनी आपली माजघरे आणि पडव्या उघडल्या. हॉटेल नव्हते हेच त्या गावाचे भाग्य! पिलू वाळूतून वर येते तेव्हा ते उजेडाकडे धाव घेते. काळोख्या किनाऱ्यावर समुद्राची चमक हाच त्याचा उजेड असतो. किनाऱ्यावर एखाद्या हॉटेलाचे दिवे लखलखत असते, तर ती पिले पाण्याऐवजी पायऱ्यांकडे गेली असती. वेळासच्या घरात उतरणाऱ्याने दिलेला पैसा त्या घरातच राहतो, आणि कासव आले तरच पाहुणा येतो हे कळल्यामुळे अंड्यांना राखणदारही मिळतो. याच किनाऱ्यावर जानेवारी २०२२ मध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेले यंत्र बसविले गेले आणि पश्चिम किनाऱ्यावरील तो पहिलाच प्रयोग म्हणून तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले.

अशी घरे आज किनारपट्टीवर सर्वत्र आहेत. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना यासाठीच आहे. २०१९च्या अधिसूचनेनेही स्थानिकांना राहत्या घरात, घराचा चौथरा वा दर्शनी रूप न बदलता, पाहुणे ठेवण्याची मुभा दिली आहे. पण आम्ही या घरांची आरती ओवाळणार नाही. गादीला कुबट वास येतो, दुपारी वीज गेली की पंखा बंद आणि यजमान घोरत पडलेला, शौचालय अंगणाच्या टोकाला. आणि तक्रार करावी तर कोकणी फटकळपणाचा असा एक तडाखा मिळतो की शहरी पाहुण्याने पुन्हा तोंड उघडू नये. पाहुणचार हा धंदा आहे, उपकार नव्हे, हे आमच्या कोकणी बांधवांनी अजून पुरते मनावर घेतलेले नाही. स्वच्छ चादर, कोरडे न्हाणीघर आणि सांगितलेल्या वेळी चहा या तीन गोष्टींना समुद्राची शोभा हा पर्याय होऊ शकत नाही. शिवाय चार खोल्यांचे घर चालू लागले की मालक लगेच सिमेंटचा दुसरा मजला चढवितो, कौले उतरवितो आणि वर ‘रिसॉर्ट’ अशी पाटी लावतो. त्याला तरी का दोष द्यावा? गिऱ्हाईक तशाच पाटीला भुलते.

आणि या गिऱ्हाइकाची एक कहाणी सांगितल्यावाचून राहवत नाही. आपल्यापैकी किती जणांच्या घराण्याची गावी वाडी होती? वाटण्या झाल्या, भाऊबंदकी झाली, कोर्टकचेरी झाली आणि अखेर मुंबईतल्या खोलीसाठी म्हणून ती विकली गेली. सातबाऱ्यावरून आजोबांचे नाव उतरले आणि एका कंपनीचे चढले. आज तोच चाकरमानी त्याच जमिनीवर उभ्या असलेल्या खोलीचे एका रात्रीचे भाडे मोजतो, आणि ज्या विहिरीवर आजीने पाणी शेंदले तिच्या जागी बांधलेल्या तलावात नातवाला पोहावयास सोडतो! याहून कडवट विनोद आम्हांस तरी ठाऊक नाही.

वाचकांनी साधुसंत व्हावे असा आमचा आग्रह नाही. वृद्ध आईवडील बरोबर असतील तर वातानुकूलित खोली जरूर घ्यावी. जिन्याला कठडा आहे का, दवाखाना किती दूर आहे, हे आधी पाहावे. पण पैसे भरण्यापूर्वी एक दूरध्वनी करावा आणि मालकाशी बोलावे. मालकच भेटत नसेल, कोठल्या तरी शहरातील मुलगी पाठ केलेले इंग्रजी ऐकवीत असेल, तर तेवढ्यावरच पुष्कळ कळते. पाणी विहिरीचे की टँकरचे, मैला कोठे जातो, रात्री समुद्राकडील दिवे मालवतात का, स्वयंपाकाला आणि झाडलोटीला गावातली माणसे आहेत का, हे विचारण्यात संकोच कसला? भाजी घेताना आपण देठ मोडून पाहतोच की. मासेमारी बंद असताना पापलेटचा हट्ट धरू नये. त्या दिवसांत ताटात येणारे पापलेट बर्फात किती दिवस निजले होते, ते देवाला ठाऊक! घावणे, खोबऱ्याची चटणी, कुळथाची पिठी आणि सोलकढी यांवर ज्याचे भागत नाही, त्याने घरीच राहिलेले बरे. आणि यजमान ‘आज पाण्यात उतरू नका’ असे म्हणाला तर ते निमूटपणे ऐकावे. भरती-ओहोटीची वेळ आणि वाळूखालची ओढ त्याला बापजाद्यांपासून ठाऊक असते. फेब्रुवारी २०१६ मध्ये मुरुडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याचे विद्यार्थी बुडाले, ते दुःख अजून ताजे आहे.

राहता राहिले सरकार. पर्यटन जिल्हा म्हणून डंका पिटून पाव शतक उलटून गेले. किनाऱ्यावरील ग्रामपंचायतींना पाहुण्यांची गर्दी मिळाली. तिचा मैला शुद्ध करण्याची यंत्रणा मिळाली नाही. हजार-दोन हजार वस्तीच्या गावात सलग सुट्ट्यांना त्याच्या कितीतरी पट माणसे उतरतात, आणि ग्रामपंचायतीजवळ असते एक कचऱ्याची गाडी! घरी पाहुणे ठेवणाऱ्या विधवा बाईला नोंदणीसाठी तालुक्याला चार खेपा घालाव्या लागतात. वाळूचे उंचवटे सपाट करणाऱ्याचा कागद मात्र एका खेपेत होतो. पर्यटन खात्याने येत्या दिवाळीपूर्वी दोन कामे करावीत. नोंदणी झालेल्या घरांची आणि हॉटेलांची गाववार यादी, प्रत्येकाचे पाणी कोठून येते व सांडपाणी कोठे जाते या दोन रकान्यांसह, एस.टी.च्या प्रत्येक स्थानकावर व रेल्वेच्या प्रत्येक फलाटावर लावावी. आणि भरतीरेषेच्या आत ज्यांची बांधकामे आहेत त्यांची नावे त्याच फलकावर, त्याच आकाराच्या अक्षरांत द्यावीत. फलकाला जागा कमी पडली, तर कोकणातल्या स्थानकांच्या भिंती पुष्कळ लांब आहेत.