तळ बघितल्याशिवाय मुरानो म्हणू नका

आमच्या शोकेसमध्ये काचेची एक जाडजूड डिश आहे. आत हिरवा थर, मध्ये पिवळसर, वरून पाण्यासारखी पारदर्शक काच. काठ गरम असताना चिमट्याने बाहेर खेचल्यासारखे. मामू बोटीवर नोकरीला होते, त्यांनी आणलेली. रमजानात इफ्तारचे खजूर तिच्यातच असतात. परवा भाच्याने मोबाइलवर तिचा फोटो शोधला आणि जाहीर केले, "ही तर मुरानो! विकली तर बरेच पैसे येतील."

माझी तक्रार इथेच आहे. जाड, रंगीत, थराची काच दिसली की बाजार डोळे मिटून मुरानो म्हणतो. मुरानो हे व्हेनिसजवळचे बेट. आगीच्या भीतीने 1291 मध्ये शहरातल्या काचभट्ट्या तिकडे हलवल्या गेल्या. एका रंगाच्या काचेवर दुसरी काच चढवायची 'सोमेर्सो' पद्धत विसाव्या शतकात तिथे बहरली, हे खरेच. पण 1950-60च्या दशकांत चेकोस्लोव्हाकियातल्या ख्रिब्स्काच्या कारखान्यात योसेफ होस्पोडका अशाच खेचलेल्या काठांच्या, जाड, रंगीत वस्तू घडवत होते. सरकारी निर्यात कंपनीमार्फत त्या जगभर गेल्या. ओळख म्हणून बहुतेक वेळा फक्त कागदी लेबल. दोन-चार वेळा धुतले की लेबल गेले, आणि मग विकणारा इटलीचा पत्ता देऊन मोकळा! वर्गात एकाच्या निबंधावर दुसऱ्याने नाव घातले तर आम्ही शिक्षक कान पकडतो. इथे तर त्याचे जास्त पैसे मिळतात.

मग ओळखायचे कसे? आधी डिश पालथी घाला. फुंकनळीवरून काढलेल्या वस्तूला नंतर तळाशी दुसऱ्या सळीवर धरतात. तिथे व्रण राहतो किंवा तो घासून गुळगुळीत केलेला असतो. वर्षानुवर्षे वापरलेल्या तळावर सगळ्या दिशांनी बारीक ओरखडे असतात. एकाच दिशेचे, ताजे ओरखडे दिसले तर शंका घ्या. काही जण अतिनील दिव्याखाली काच हिरवी चमकली की खूश होतात. ती चमक युरेनियमची, गावाची नव्हे. बोहेमियात 1830च्या दशकापासून युरेनियम काच होत होती. लेबलवरही आंधळा भरवसा नको, ते एका वस्तूवरून दुसरीवर जाऊ शकते. खरा उपयोग होतो तो कारखान्यांच्या जुन्या कॅटलॉगांचा. आकार, जाडी, रंगांची जोडी शेजारी ठेवून पाहायची.

मुरानोचा मोठेपणा मला नाकारायचा नाही. पण त्या मोठेपणाचेही मूळ एकाच बेटावर सापडत नाही. सीरिया आणि मिसरच्या कारागिरांनी मीनाकामाचे, सोन्याने मढवलेले मशिदींचे दिवे घडवले, तेव्हा व्हेनिस तिकडून शिकत होते. पुढे 1569 मध्ये उस्मानी वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने मशिदीसाठी 900 दिव्यांची मागणी नोंदवली, तीही व्हेनिसकडे! शिकवणाऱ्यांचा वारसा असणाऱ्यांनीच शिकणाऱ्यांकडून माल मागवला. मला तर ही गोष्ट कुठल्याही लेबलपेक्षा मोलाची वाटते.

आमच्या डिशचे काठ आणि तळ कॅटलॉगमधल्या चेक नमुन्यांशी जुळतात, इटलीच्या नाही. मी चिठ्ठी लिहून तिच्याखाली ठेवली आहे : "मामूंनी आणली. बहुधा ख्रिब्स्का, चेकोस्लोव्हाकिया." भाचा नाराज आहे. "बहुधा" तरी खोडा, म्हणतो. मी खोडलेले नाही.