बंदूक, मंगळवारची सभा आणि आपण

आमच्या मोठ्या काकांकडे ठासणीची बंदूक आहे. कोकणात ज्यांची काजू-आंब्याची बाग आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. वांदर आणि डुकरं यांच्यापुढे शेतकऱ्याचं काही चालत नाही, म्हणून पीक संरक्षणाचा परवाना काढायचा आणि बार काढून त्यांना पळवून लावायचं. आजोबांच्या नावावरचा तो परवाना पुढे काकांच्या नावावर झाला. आणि लहानपणापासून मी एक गोष्ट बघत आलोय. निवडणूक लागली की काका बंदूक गोणपाटात गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करायला निघतात. आता म्हणे जिल्ह्याची एक समिती कोणाची जमा करायची ते ठरवते, पण काका नोटिशीची वाट न बघताच तयारीत असतात. "निवडणूक आली, बंदूक चालली" हे आमच्या घरात जवळजवळ म्हणीसारखं झालंय.

हे आठवायचं कारण म्हणजे अगदी उलटं दृश्य मला अमेरिकेत ऐकायला मिळालं. निवडणूक झाली, आणि बंदुका बाहेर निघाल्या.

2022-23 मध्ये मी प्रोजेक्टसाठी व्हर्जिनियात, रिचमंडजवळ होतो. तिथला आमचा टेस्टिंग लीड पन्नाशीचा, शांत, कोड रिव्ह्यूमध्ये कधी आवाज न चढवणारा माणूस. एका शनिवारी तो मला रेंजवर घेऊन गेला. मी काचेमागे कानावर मफ लावून नुसता बसून होतो, कारण वर्क व्हिसावरच्या माणसाला शिकारीचं लायसन्स वगैरे अपवाद सोडले तर तिथे बंदूक बाळगता येत नाही. हे मला त्यानेच सांगितलं! कायदा त्याला कलमासकट पाठ. रेंजवर म्हणाल तर आपल्याकडच्या क्रिकेट क्लबसारखं वातावरण. आजोबा लोक कॉफी पीत बसलेले, एका मुलीची सेफ्टीची शिकवणी चाललेली, आणि दाराजवळच्या टेबलावर मतदार नोंदणीचे फॉर्म. माझं लक्ष बंदुकांपेक्षा त्या फॉर्मवरच जास्त गेलं.

परत येताना त्याने 2019 ची गोष्ट सांगितली. त्या वर्षी 31 मे ला व्हर्जिनिया बीचला एका सरकारी इमारतीत 12 जणांना गोळ्या घालून मारलं. नोव्हेंबरच्या निवडणुकीत डेमोक्रॅट पक्षाने राज्याची दोन्ही सभागृहं जिंकली आणि बंदूक कायदे कडक करणार असं जाहीर केलं. त्यावर या मंडळींनी काय केलं? टीव्हीसमोर बसून शिव्या घातल्या नाहीत. (म्हणजे घातल्या असतील, पण तेवढ्यावर थांबले नाहीत.) ते आपापल्या काउंटीच्या सभेला गेले. ही सभा म्हणजे रस्ते, शाळेचं बजेट, कचरा असले विषय चालणारी, एरवी दहा माणसंही न फिरकणारी. आमचा लीड एका मंगळवारी संध्याकाळी ऑफिसातून थेट तिथे गेला, तर हॉलमध्ये जागा नाही, माणसं पार्किंगपर्यंत उभी. प्रत्येकाने दोन-तीन मिनिटं बोलायचं. तोही बोलला. आयुष्यात पहिल्यांदा माईकसमोर. "पाय लटपटत होते," म्हणाला.

व्हर्जिनियात 95 काउंट्या आणि 38 स्वतंत्र शहरं आहेत. दोन-अडीच महिन्यांत काउंट्या, शहरं, छोटी गावं धरून शंभरावर ठिकाणी 'सेकंड अमेंडमेंट सँक्च्युअरी'चे ठराव पास झाले. म्हणजे घटनेतल्या शस्त्राच्या हक्काच्या आड येणारे कायदे आम्ही राबवणार नाही. यातला 'सँक्च्युअरी' हा शब्द त्यांनी चक्क विरोधकांकडून उचललाय. कागदपत्रं नसलेल्या स्थलांतरितांना अभय देणाऱ्या डाव्या शहरांचा तो शब्द. कायद्याच्या दृष्टीने या ठरावांना काही किंमत नाही, असं राज्याच्या ॲटर्नी जनरलने त्याच डिसेंबरात लेखी सांगितलं. पण राजकारणात किंमत होती. 20 जानेवारी 2020 ला, सुट्टीच्या दिवशी, रिचमंडच्या विधानभवनापाशी सुमारे 22 हजार माणसं जमली. आवारात शस्त्रबंदी होती, म्हणून बरेच जण रायफली खांद्याला लावून बाहेरच्या रस्त्यांवर उभे राहिले. गोळी एकही सुटली नाही. पुढच्याच महिन्यात असॉल्ट वेपन्सवर बंदी घालणारं बिल सिनेटच्या कमिटीत अडकलं आणि ते अडकवण्यात चार डेमोक्रॅट सिनेटरही होते. विक्रीच्या वेळी पार्श्वभूमी तपासणं, महिन्याला एकच हँडगन, हे बाकीचे कायदे मात्र झाले. म्हणजे पूर्ण जिंकले नाहीत, पण हरतानाही निम्मा डाव वाचवला.

हे कसब कुठून आलं ते शोधताना मी 1977 पर्यंत मागे गेलो. नॅशनल रायफल असोसिएशन ही संस्था 1871 ची, यादवी युद्धातल्या उत्तरेच्या अधिकाऱ्यांनी सैनिकांचा नेम सुधारावा म्हणून काढलेली. शंभर वर्षं तिचा मुख्य धंदा नेमबाजी आणि शिकार. सत्तरच्या दशकात नेतृत्वाने ठरवलं की राजकारण पुरे, वॉशिंग्टनमधून ऑफिस हलवून कोलोरॅडोला जाऊ. मे 1977 मध्ये सिनसिनाटीला वार्षिक सभा भरली आणि साध्या आजीव सभासदांनी डोक्यावर केशरी टोप्या, हातात वॉकी-टॉकी घेऊन, संस्थेच्याच नियमावलीवर बोट ठेवत, पहाटेपर्यंत सभा चालवून नेतृत्व बदललं. हार्लन कार्टर प्रमुख झाले. आज अमेरिकेत जो बंदुकीचा राजकीय दबदबा दिसतो त्याची खरी सुरुवात ही रात्र. आपल्याकडच्या सहकारी पतपेढीच्या वादळी सभेत आणि यात तत्त्वतः काही फरक नाही!

आणि गंमत बघा, ती संस्था पुढे पैशांच्या घोटाळ्यात पुरती खिळखिळी झाली. 2021 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला, तो कोर्टाने फेटाळला. प्रमुख वेन लापिएर यांनी जानेवारी 2024 मध्ये राजीनामा दिला आणि पुढच्याच महिन्यात न्यूयॉर्कच्या ज्युरीने त्यांना संस्थेच्या पैशांच्या गैरवापरासाठी जबाबदार धरलं. पण चळवळ संपली नाही, कारण ती वॉशिंग्टनच्या इमारतीत नव्हतीच. ती रेंजवरच्या कॉफीत आणि दाराजवळच्या फॉर्मांत होती.

आता कोणी म्हणेल, अमेरिकेत बंदुकाच इतक्या, मग लोक असे वागणारच. 'स्मॉल आर्म्स सर्व्हे'चा 2017 चा अंदाज सांगतो: दर 100 माणसांमागे नागरिकांकडे अमेरिकेत 120 बंदुका, स्वित्झर्लंडमध्ये 27-28, ऑस्ट्रेलियात 14-15, भारतात 5 च्या आसपास, जपानमध्ये एकही धड नाही. पण नुसता आकडा वृत्ती सांगत नाही. स्विस माणूस लष्करी सेवेची रायफल घरी ठेवतो. 2011 च्या सार्वमतात "ती शस्त्रागारात ठेवा" हा प्रस्ताव त्यांनी 56 टक्क्यांनी फेटाळला. त्याच लोकांनी 2019 मध्ये युरोपीय नियमांशी जुळणारा कडक कायदा जवळजवळ 64 टक्क्यांनी मान्य केला. तिथे बंदूक म्हणजे प्रामुख्याने कर्तव्य. अमेरिकेत ती हक्क आहे, आणि सरकारवरचा अविश्वास. आपल्याकडे कायद्याने ती मेहेरबानी आहे, साहेबाने दिली तर.

ऑस्ट्रेलियाचं उदाहरण तर मला सगळ्यात विचार करायला लावणारं वाटतं. एप्रिल 1996 मध्ये पोर्ट आर्थरला 35 जण मारले गेले. पंतप्रधान जॉन हॉवर्ड, पक्के कॉन्झर्व्हेटिव्ह, सत्तेवर येऊन दोनच महिने झालेले. त्यांनी कायदे कडक केले, साधारण साडेसहा लाख बंदुका सरकारने विकत घेऊन नष्ट केल्या. ग्रामीण भागात त्यांचेच मतदार खवळले. एका सभेत तर हॉवर्ड कोटाखाली बुलेटप्रूफ जॅकेट घालून बोलले. तरी कायदा टिकला. का? माझ्या मते एक मोठं कारण असं, की ऑस्ट्रेलियात 1924 पासून राष्ट्रीय निवडणुकीत मतदान सक्तीचं आहे. सगळेच मत देतात, त्यामुळे चिडलेल्या थोड्यांचं वजन बेताचं राहतं. अमेरिकेत पक्षाच्या प्रायमरीला मोजकी माणसं जातात. तिथे हटकून जाणारे पाच टक्के हे घरी बसलेल्या पन्नास टक्क्यांना भारी पडतात. एप्रिल 2013 मध्ये, सँडी हूक शाळेत 20 लहान मुलं आणि 6 मोठी माणसं मारली गेल्यानंतर चारच महिन्यांनी, विक्रीपूर्व तपासणी वाढवणारं बिल सिनेटमध्ये 54-46 असं अडलं. 60 लागत होते. जनमत चाचण्यांत मोठं बहुमत बिलाच्या बाजूने होतं. पण सिनेटरच्या ऑफिसात फोन करणारे दुसऱ्या बाजूचे होते.

लीडशी वाद घालताना त्याने एकदा माझ्यावर गांधीजी फेकले. "तुमच्या गांधींनीच म्हटलंय की ब्रिटिशांनी देश निःशस्त्र केला हे सगळ्यात काळं कृत्य." मी चक्रावलो, घरी येऊन शोधलं. खरंच म्हटलंय, 1878 च्या कायद्याबद्दल. पण ते 1918 मध्ये, सैन्यभरतीच्या पत्रकात! काँग्रेसच्या 1931 च्या कराची ठरावात नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क होता. 1948 मध्ये घटना समितीत ह. वि. कामत यांनी तो मूलभूत हक्कांत घालायची सूचना मांडली, आंबेडकरांनी विरोध केला आणि ती फेटाळली गेली. कोडगूच्या कोडवा समाजासारखे अपवाद सोडले तर परवान्याशिवाय बंदूक नाही. मला आंबेडकरांचं बरोबर वाटतं, आजही.

माझं मत लपवत नाही. 16 एप्रिल 2007 ला व्हर्जिनिया टेकमध्ये 32 जण मारले गेले. त्यात तमिळनाडूतून गेलेले एक प्राध्यापक होते आणि मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगी होती. रेंजवरून परतताना मी लीडला तिच्याबद्दल सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "माझी मुलगी शाळेत दार लावून बाकाखाली लपायची प्रॅक्टिस करते. मलाही झोप येत नाही. पण बंदूक देऊन टाकली तर झोप येईल असं मला वाटत नाही." मला ते पटलं नाही. अजूनही नाही.

पण एक प्रश्न मात्र मी घेऊन आलो. तो मंगळवारी सभेला गेला. मी कधी गेलो?

महाराष्ट्रातल्या मुंबई-पुण्यासकट कितीतरी महापालिकांची मुदत 2022 मध्ये संपली आणि निवडणूक झाली जानेवारी 2026 मध्ये. जवळजवळ चार वर्षं नगरसेवकच नाहीत, सगळा कारभार प्रशासकाकडे. या काळात आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर टँकर, खड्डे, ट्रॅफिक यावर हजारो मेसेज पडले असतील. मीही टाकले, अंगठे दाखवले. आमच्याकडे मुद्दा बंदुकीपेक्षा कितीतरी साधा आणि रास्त होता: आम्हाला आमचा प्रतिनिधी द्या. त्यासाठी शंभर माणसं एका संध्याकाळी एका हॉलमध्ये जमवायची, एवढंही आमच्याच्याने झालं नाही. ज्यांची मतं मला चुकीची वाटतात त्यांनी अडीच महिन्यांत राज्य हलवलं, आणि बरोबर असलेले आम्ही चार वर्षं टाईप करत बसलो.

काकांना फोनवर हे सगळं सांगितलं. ते हसले आणि म्हणाले, "अरे, आमच्या ग्रामसभेला तरी कोण येतो? कोरम नाही म्हणून तहकूब. पुढच्या खेपेला तू ये, तेवढाच एक वाढेल." माझं मतदान पुण्यात, तिथे माझं मत मोजलं जाणार नाही हे त्यांनाही माहीत आहे. पण म्हणण्याचा अर्थ कळला. मंगळवारी संध्याकाळी आमच्या नव्या नगरसेवकाच्या ऑफिसात जायचं ठरवलंय, पाण्याचा विषय घेऊन. ग्रुपवर टाकलं तेव्हा 41 अंगठे आले. प्रत्यक्ष किती येतात ते पुढच्या वीकेंडला सांगतो.